पॉजचं बटण कुठं आहे?

पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा रक्ताचा असतो. "मॅडम, त्यात रक्तबिक्त दिसतं का?" साताऱ्यातल्या एका शाळेत मी संगणक शिकवते आणि शनिवारी शाळा सुटल्यावर लॅबमध्ये मुलांचा गेम क्लब चालवते. गाव वसवायचं, धान्य-लाकूड गोळा करायचं, फौज उभी करायची आणि शेजाऱ्याशी लढायचं, असे डावपेचांचे गेम आमच्याकडे सर्वांत जास्त चालतात. त्यामुळे "हा गेम आमच्या पोराला चालंल का?" असं विचारायला माणसं माझ्याकडे येतात. शाळेच्या फाटकाशी विचारतात, मंडईत विचारतात, लग्नात जेवायला बसल्यावरही विचारतात. लॉकडाऊननंतर तर घराघरांत प्रत्येक गेमला 'पबजी' म्हणायची पद्धत पडली, त्यामुळे आधी मुलगा नक्की काय खेळतोय हे शोधण्यातच अर्धा वेळ जातो. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. रक्त किती दिसतं ही चौकशी करायला सोपी असते, पण तिच्या उत्तरावरून मुलाबद्दल फारसं काही कळत नाही.

युद्धाच्या खेळाचं मला वावडं नाही, हे आधीच सांगते. दिवाळीत अंगणात किल्ला करणारी, बुरुजावर मावळे आणि दरवाज्यात तोफ ठेवणारी पोरं पाहत मी वाढले. मातीवर अळीव पेरून हिरवळ उगवायची वाट बघायची आणि मग मावळ्यांची लढाई लावायची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बुद्धिबळ हीसुद्धा दोन फौजांची लढाईच. इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स यांनी 1913 साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं. खेळण्यातले सैनिक आणि छोट्या तोफा घेऊन घरातल्या फरशीवर लढाई कशी खेळायची, त्याचे नियम त्यात आहेत. हा लेखक युद्धाचा विरोधक होता. फरशीवरची लढाई खेळणाऱ्याला खरं युद्ध किती बेंगरूळ प्रकार असतो ते कळून येईल, असा त्याचा विश्वास होता. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. खेळाने युद्धं थांबत नाहीत. पण खेळामुळे ती पेटतात असंही मी म्हणणार नाही.

क्लब सुरू झाला तो 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागावर. हा गेम 1999 साली आला. लॅबमधल्या जुन्या मशीनवरही तो विनातक्रार चालायचा, हे त्या वेळी मोठंच कारण होतं. सुरुवातीला हातात एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार टेहळ्या. नवीन गावकरी हवा तर पन्नास धान्य द्यायचं. मेंढ्या शोधा, बोरं तोडा, शेतं करा, लाकूड आणा, मग पुढच्या युगात जा. पहिल्यांदा बसलेली मुलं हमखास सैनिक करायला धावतात, दहाव्या मिनिटाला धान्य संपतं आणि मग हात चोळत बसतात. ज्यांची शेतं नीट लागलेली असतात ती जिंकतात. हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असतं तरी मुलांच्या डोक्यात शिरलं नसतं.

यात माणसं मरतात. बोटाच्या पेराएवढी आकृती कोसळते, तिचा सांगाडा होतो आणि थोड्या वेळाने तोही नाहीसा होतो. सैनिकच मरतात असंही नाही. शेतात राबणाऱ्या गावकऱ्यांनाही शत्रू मारून टाकतो. सहावीतली एक मुलगी या एका गोष्टीमुळे फार अस्वस्थ व्हायची. या गेममध्ये गावाची घंटा असते. ती दाबली की सगळे गावकरी हातातलं काम टाकून टाउन सेंटरमध्ये, बुरुजांत शिरतात. ही मुलगी लांब कुठे घोड्याची चाहूल लागली तरी घंटा वाजवायची. शेतं ओस पडायची, मुलं वैतागायची, ती बहुतेक डाव हरायची, पण तिचे गावकरी कमी मरायचे. एक मुलगा चिडून म्हणाला, "अगं, ते खरे नाहीयेत!" ती म्हणाली, "मला माहितीय." आणि तिने पुन्हा घंटा वाजवली. एकाच गेममध्ये, एकाच नकाशावर दोन मुलं किती वेगळी खेळू शकतात ते मला त्या वर्षी कळलं. तेव्हापासून गेमबद्दल विचारायला आलेल्या पालकांना मी आधी मुलाबद्दल विचारू लागले.

गेमच्या डब्यावरचे वयाचे शिक्के उपयोगाचे नाहीत असं मी म्हणत नाही. 'मॉर्टल कॉम्बॅट'सारख्या गेमवरून 1993 साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, त्यातून 1994 मध्ये तिथे वयाचे शिक्के देणारं 'ईएसआरबी' हे मंडळ उभं राहिलं. युरोपात 2003 पासून 'पेगी'चे आकडे आहेत. आपल्याकडे चित्रपटांना 2024 पासून 'यूए'मध्येही सात, तेरा आणि सोळा असे वयाचे टप्पे आले. गेमच्या बाबतीत मात्र आपण बहुतेक वेळा परदेशी शिक्क्यांवरच विसंबून असतो. पण पेगीचा शिक्का मुख्यतः पडद्यावर काय दिसतं त्यावरून ठरत आलेला आहे. मी ज्या गेमवर क्लब चालवला त्यावर पेगीने बाराचा आकडा घातला आहे. फोनवरच्या 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'वर सातचा. त्यातली माणसं गुबगुबीत, कार्टूनसारखी, रक्ताचा थेंब नाही. आता गंमत अशी की तो गेम काढणारी फिनलंडची सुपरसेल कंपनी स्वतः मात्र खेळणाऱ्यासाठी तेरा वर्षांची अट सांगते. चित्रं सात वर्षांच्या मुलाला चालतील अशी आहेत, पण अनोळखी लोकांशी बोलणं, पैसे खर्च करणं, रोज हजेरी लावणं या गोष्टी सात वर्षांच्या मुलाच्या नाहीत. पालक सातचा आकडा बघतात आणि निर्धास्त होतात.

लॅबमधलं पहिलं मोठं भांडण पडद्यावरच्या कुठल्याच मरणावरून झालं नव्हतं. लॅनवर चौघं खेळत होते, दोघा-दोघांचा संघ. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये कोण मित्र, कोण शत्रू हे चालू डावात बदलता येतं. एकाने आपल्या जिवलग मित्राच्या तटाच्या आत, मित्र म्हणून, फौज आणून ठेवली आणि मग गुपचूप त्याला शत्रू करून टाकलं. दोन मिनिटांत गाव साफ. ज्याचं गाव गेलं तो पोरगा आठवीतला, अंगापिंडाने दांडगा, पण ढसाढसा रडला. दुसऱ्याचं म्हणणं, "गेममध्ये आहे ना हे? मग?" नियमाने त्याचं बरोबर होतं. पण दोघं महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. मी त्या दिवसापासून डाव मांडतानाच 'लॉक टीम्स'वर टिचकी मारायला लागले. मोठी मुलं कुरकुरली, कारण दगाबाजीचा धोका असणं हीच त्यांच्या मते खरी मजा. नववी-दहावीला मी ती मुभा परत दिली, ती आधी बोलून, आणि डाव संपल्यावर पुन्हा बोलून. ज्या खेळात समोर खरा माणूस बसलेला असतो, तिथे जखम खरी होते. यंत्राविरुद्ध हरणं मुलं चटकन विसरतात.

मोहिमांबद्दल, म्हणजे एका गोष्टीत ओवलेल्या डावांबद्दल, सांगायलाच हवं, कारण या गेमला मी एवढी वर्षं धरून राहिले ते त्यांच्यामुळे. जोन ऑफ आर्कची मोहीम पाचवी-सहावीची मुलं मन लावून खेळतात. खेड्यातली मुलगी, तिला सांभाळत सांभाळत फौजेबरोबर न्यायचं, ती मेली की डाव हरला. आणि मग मोहिमेच्या शेवटाकडे, दोन डावांच्या मधल्या गोष्टीत, तिला पकडून जाळतात. शेवटची लढाई तिच्याशिवाय लढावी लागते. एका मुलीने मागचा डाव पुन्हा पुन्हा खेळला. कुठेतरी काहीतरी वेगळं केलं तर जोन वाचेल, अशी तिची समजूत होती. "मॅडम, चीट कोड नाही का यासाठी?" नाही, असं मी सांगितलं. 1431 साली रूआं शहरात तिला जाळलं, ती तेव्हा साधारण एकोणीस वर्षांची होती, हेही सांगितलं. मुलगी बराच वेळ गप्प होती. तिच्या आईला मी फोन करून कळवलं, की आज ती जरा उदास घरी येईल, त्याचं कारण हे आहे. आई काळजीत पडली नाही, उलट म्हणाली, "बरं झालं, मरणाचं काहीतरी वाटतंय तिला."

त्याच गेममध्ये क्रुसेडची, म्हणजे ख्रिस्ती आणि मुस्लिम फौजांमधल्या धर्मयुद्धाची, लढाई दोन्ही बाजूंनी खेळता येते. बार्बारोसाच्या मोहिमेत जर्मन सम्राटाची फौज जेरुसलेमकडे न्यायची. सम्राट वाटेत बुडून मरतो, तर त्याचं शव पिंपात घालून नेतात. सलादिनच्या मोहिमेत तुम्ही पलीकडच्या तटावर असता, आणि गोष्ट सांगणारा असतो सलादिनच्या माणसांनी पकडलेला एक युरोपी सरदार, जो हळूहळू आपल्या शत्रूचा आदर करू लागतो. सातवीतल्या एका मुलाने आधी पहिली खेळली, मग दुसरी, आणि विचारलं, "यांच्यातले चांगले कोण?" मी उत्तर दिलं नाही. त्याने वर्गात आणखी दोघांना विचारलं, वाद झाला, मधली सुट्टी संपली. लढाईचा गेम तपासताना मी आता हे आवर्जून बघते, की पलीकडच्या बाजूला कधी बसता येतं का. शत्रू म्हणजे नुसते लाल ठिपके असतील आणि शेवटपर्यंत ठिपकेच राहणार असतील, तर तो गेम मला लहान मुलांसाठी नको वाटतो, मग त्यात रक्ताचा टिपूस नसला तरी.

दहावीतला एक मुलगा भावाच्या लॅपटॉपवर 'एम्पायर: टोटल वॉर' खेळायचा. 2009 सालचा हा गेम, यात मराठ्यांची फौज घेऊन खेळता येतं. तो छाती फुगवून सांगत आला, "मॅडम, मोगलांची राजधानी घेतली!" मी त्याला विचारलं, तुझी मोहीम कुठल्या सालापासून सुरू होते? 1700. मग त्याला खिडकीशी नेलं. समोर अजिंक्यतारा किल्ला. 1700 साली औरंगजेबाचा वेढा याच डोंगराला पडला होता. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं आणि एप्रिलमध्ये किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला. बादशहाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. मुलगा रोज त्या डोंगराखालून सायकल मारत येतो. त्याने विचारलं, "वर माणसं किती होती? खात काय होती?" त्याच्या गेममध्ये वेढा म्हणजे इतक्या चाली, बस. मात्र त्याच गेमने त्याला आणखी एक गोष्ट दाखवली होती. कर फार वाढवले की प्रजा बंड करते, आणि फौज सीमेवर असताना मागे गाव पेटतं. इतिहासाच्या सरांनी त्याला वाचनालयातून पुस्तकं काढून दिली. परीक्षेत गुण वाढले की नाही ते मी विचारलं नाही.

आमच्या जिल्ह्यात फौजी घरं फार. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' असंच लागतं. क्लबमधल्या एका मुलाचे वडील सैन्यात, सुट्टीवर आलेले. मुलाला न्यायला आले आणि त्याचा 'एज ऑफ एम्पायर्स'चा डाव चालू होता म्हणून मागे उभे राहिले. पोरगा घोडेस्वार एकामागून एक शत्रूच्या तटावर सोडत होता. एका घोडेस्वाराच्या डोक्यावरची हिरवी पट्टी जवळपास संपलेली.

"त्याला मागं घे की," वडील म्हणाले.

"मरू दे पप्पा. साठ फूड आणि पंच्याहत्तर गोल्डला नवीन येतो."

"मागं घे म्हणतो ना."

आवाज चढला नव्हता, पण लॅबमधली बाकीची मुलंही वळून बघायला लागली. मुलाला मागे घेऊन पुढं काय करायचं तेच माहीत नव्हतं. मी त्याला दाखवलं: घोडेस्वार कॅसलच्या आत पाठव आणि थांब. आत गेलेल्या माणसाची जखम हळूहळू भरते. भिक्षूही जखमी सैनिकाला बरं करतो. वडिलांनी खुर्ची ओढली. मग अर्धा तास बाप-लेक मिळून जखमी माणसं मागे आणत होते, पट्टी हिरवी होईपर्यंत थांबत होते, पुन्हा पाठवत होते. जाताना त्यांनी मला विचारलं, "हे आधीपासूनच होतं का गेममध्ये, की तुम्ही घातलं?" आधीपासून होतं. फक्त गेम ते करायला भाग पाडत नाही. शेजारी कुणी बसलं नसतं तर त्या मुलाला ते वर्षभर दिसलं नसतं. डाव संपला की या गेममध्ये हिशेबाचा तक्ता येतो. आपण किती मारले तो आकडा मुलं ओरडून वाचायची. आता आमच्या क्लबात आपले किती गेले तो रकाना आधी वाचायचा, असा नियम आहे.

फोन आले आणि मला विचारले जाणारे प्रश्न बदलले. कॉम्प्युटरवरच्या डावात एफ-थ्री दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं. आईने जेवायला हाक मारली, थांबवलं, उठलं. फोनवरच्या गाव-लुटीच्या गेमांत हे बटणच नसतं. आपण झोपलो तरी आपलं गाव तिथे उघडं पडलेलं असतं आणि कुणीतरी येऊन लुटून जातं. इमारत पुरी व्हायला तास, पुढे दिवस लागतात. घाई असेल तर पैसे भरा. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मधलं क्लॅन वॉर, म्हणजे दोन संघांमधलं युद्ध, एक दिवस तयारीचं आणि एक दिवस लढाईचं असं चालतं, आणि आपला अटॅक बाकी राहिला तर सगळ्या संघाचं नुकसान. मोठ्या माणसाला हे झेपतं, तो म्हणतो, खड्ड्यात गेला क्लॅन, मला उद्या ऑफिस आहे. बारा वर्षांच्या मुलाला ते म्हणता येत नाही. त्याला वाटतं आपण शब्द दिलाय.

अशाच एका गेमपायी आठवीतला एक मुलगा पहाटे तीनचा अलार्म लावून न्हाणीघरात बसायचा. आई सांगत आली तेव्हा तिला वाटत होतं, लढाया खेळून मुलगा हिंसक होतोय. मी मुलाशी बोलले. हिंसक वगैरे काही नव्हतं. तो दमलेला होता. क्लॅनचा म्होरक्या कुठल्यातरी दुसऱ्या शहरातला मोठा माणूस, त्याने याला 'को-लीडर' केलं होतं, आणि ती जबाबदारी पोरगा इमानाने निभावत होता. शाळेत याला कुणी मॉनिटरसुद्धा केलं नव्हतं. आईला मी सांगितलं, फोन हिसकावून घेऊ नका. त्याला आधी त्या माणसांचा नीट निरोप घेऊ द्या. त्याने क्लॅनला निरोप लिहिला, "परीक्षा आहे, जातोय", पद दुसऱ्याला दिलं आणि मग गेम काढून टाकला. पुढच्या शनिवारी क्लबात आला तेव्हा पाचवीच्या मुलांना शेतं लावायला शिकवायचं काम मी त्याच्याकडे सोपवलं.

थोडी मोठी मुलं 'धिस वॉर ऑफ माइन'बद्दल विचारतात. पोलंडमधल्या कंपनीचा 2014 सालचा गेम. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. यात तुमच्या हाती फौज नसते. पडक्या घरात अडकलेली साधी माणसं असतात, भुकेलेली, आजारी. एका घरात म्हातारं जोडपं राहतं, त्यांचं अन्न-औषध तुम्ही चोरू शकता. कुणी तुम्हाला अडवत नाही. पण चोरी करून आलेलं तुमचं माणूस नंतर खचतं. 2020 साली पोलंडच्या सरकारने या गेमचा शाळेच्या शिफारस केलेल्या यादीत समावेश जाहीर केला, पण तोही अठरा पूर्ण झालेल्यांसाठी. लढाईबद्दल माझ्या पाहण्यातला हा सर्वांत सच्चा गेम, आणि लॅबमध्ये मी तो घातलेला नाही. शाळा सोडून गेलेली मुलं भेटायला येतात, त्यांना मात्र नाव सांगते. एकट्याने रात्री खेळू नका, असंही सांगते.

मागच्या महिन्यात तिसरीतल्या मुलाची आई आली. मुलाला दोन गेम हवे होते, एक कॉम्प्युटरवरचा, दुसरा फोनवरचा, आणि दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं की फोनवरचा लहान मुलांसाठीच आहे. मी तिला म्हटलं, आज मुलाला बाहेर खेळायला सोडा आणि इथे बसा. तिने आयुष्यात गेम खेळलेला नव्हता. तासाभरात तिची मेंढरं हरवली, तट पडला, घंटा कुठे आहे ते तिला सापडलं. मग फोनवरचा उघडून दिला. दहा मिनिटांत तिला पैसे भरण्याची तीन बटणं दिसली. "आणि हे थांबवायचं कुठून?" तिनेच विचारलं. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं: कॉम्प्युटरवरचा चालेल, बाहेरच्या खोलीत, इंटरनेट काढून, यंत्राविरुद्ध, आणि पहिले काही महिने घरातलं कुणीतरी शेजारी बसून. फोनवरचा आत्ता नको. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो, ती आणि मी, तिघांनी बसून तो पुन्हा बघायचा. मुलाने तारीख विचारून घेतली आहे.